बांधावरून ओरडणारा कोलमन

कोलमन हेशनचा आवाज मैदानापलीकडच्या गोठ्यापर्यंत पोचायचा. आमच्या क्लूनब्रॅक गावाचा हर्लिंगचा सामना असला की हा बांधावर हजर. दोन्ही हात कोटाच्या खिशात, पोट पुढे. "अरे वाक की खाली! कंबर मोडलीय का?" "सोडलास कशाला त्याला, गाढवा?" आणि ह्याच्या तळहाताला जन्मात कधी हर्लीचा, म्हणजे ह्या खेळातल्या काठीचा, फोड आला नव्हता.

आमच्याकडे पोर उभं राहायला लागलं की त्याच्या हातात ॲशच्या लाकडाची छोटी हर्ली देतात. कोलमनच्या आईने दिली नाही. पोराचे दात पडतील, बोटं मोडतील, म्हणून तिने त्याला पियानोला बसवलं. तोही त्याला धड आला नाही. मोठा झाल्यावर जमिनी आणि घरं विकायच्या धंद्यात पडला. गळक्या छपराच्या घराला हवेशीर म्हणणारं ते तोंड. शनिवारी गोल्फ, रविवारी आमच्या पोरांना शिव्या. अडतीस वर्षांचा होईपर्यंत एवढंच केलं त्याने.

मी फिलो किलगॅरिफ. शाळेची बस चालवते. तरुणपणी बायकांच्या संघातून काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, खेळले, पुढचे दोन दात तिथेच ठेवून आले. आता साठी उलटली तरी नवशिक्यांना मीच शिकवते, कारण दुसऱ्या कोणाला तेवढा दम नाही.

त्या वर्षी उपांत्य सामना आम्ही हरलो. माझ्या बहिणीचा मुलगा एंडा आमचा मधला बचावपटू. शेवटच्या घटकेला ओला चेंडू त्याच्या हातून निसटला आणि गोल झाला. संध्याकाळी पबमध्ये एंडा कोपऱ्यात बसला होता. कोलमन उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून निसटत्या चेंडूची नक्कल केली, वर साबण लागल्यासारखे तळवे चोळून दाखवले. लोक हसले. एंडाने भरलेला ग्लास तसाच टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

मी उठले. "कोलमन, मंगळवारी मैदानावर ये."

"कशाला?"

"खेळायला. एवढं सगळं येतंय तुला, आम्हा अडाण्यांनाही दाखव जरा."

"मी? ह्या वयात?"

"का रे, तोंडाचं वय वेगळं आणि हातपायांचं वेगळं?"

आता लोक त्याला हसले. आमचा प्रशिक्षक पॅकी नॉटन म्हणाला, "ये रे ये. तिसऱ्या संघात नेहमी माणसं कमी पडतात. मागच्या वेळी एक जण शिंगं मोडून वासरांत आला होता, तोही चालला." कोलमनचे कान लाल झाले. गावासमोर नाही म्हणायची छाती नव्हती त्याची. म्हणून आला, एवढंच. हौस वगैरे काही नव्हती.

आला तोही कसा! नवं शिरस्त्राण, नवे बूट, कोरी करकरीत हर्ली, आणि तीही कमरेच्या वर येणारी. दुकानातली सगळ्यात महाग म्हणून घेतली म्हणाला. "ही तुझी नाही, तुझ्या घोड्याची आहे," मी म्हटलं आणि कमरेच्या हाडाला टेकेल अशी एक जुनी त्याच्या हातात दिली. त्याने ती धरली ती गोल्फच्या काठीसारखी, डावा हात वर, उजवा खाली.

"उलटं. उजवा वर."

"असा जोर जास्त लागतो, फिलो. मनगटाचा कोन असतो ना, तो..."

"कोन गेला खड्ड्यात. चेंडू हवेतून आला तर झेलशील कुठल्या हाताने? जोराच्या हाताने काठी सांभाळायची आणि मोकळ्या हाताने झेलायचं. तिसरा हात आहे का तुला?"

पटलं नाही त्याला. पटलं नाही म्हणजे काय, पटलं असं कबूल करायला जमलं नाही. संध्याकाळभर त्याने तीन गोष्टी केल्या. हवेला फटके मारले, स्वतःच्या नडगीला मारले आणि कारणं सांगितली. आमच्या खेळात जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही, हर्लीचं पातं त्याच्याखाली सरकवून वर उडवावा लागतो. सहा वर्षांच्या मुली धावता धावता ते करतात. हा चेंडूसमोर थांबायचा, ढेकूण मारायला निघाल्यासारखा वाकायचा आणि चेंडू पुढे ढकलत ढकलत पार रेषेबाहेर जायचा.

"गुडघे वाकव. पाठ नाही, गुडघे!"

"गुडघ्यांचं जुनं दुखणं आहे माझं."

"कशाने झालं? बांधावर उभं राहून?"

मला वाटलं, दुसऱ्या मंगळवारी तोंड दाखवणार नाही. पण आला. क्लबच्या मागे उंच भिंत आहे, तिच्यासमोर त्याला उभं केलं. मारायचं, परत आलेला झेलायचा, पुन्हा मारायचं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. भिंत कारणं ऐकत नाही. धंद्याची माणसं फोन करत राहायची, हा फोन गाडीत टाकून यायचा. हिवाळा सरेपर्यंत चेंडू उचलायला लागला, दहांतले पाच-सहा तरी. पकडही सरळ झाली. आणि मग काय विचारता! दुसऱ्याच आठवड्यात एका नव्या माणसाला सांगताना ऐकलं मी, "गुडघ्यात वाकायचं, समजलं का? मुख्य गुपित तेच." जणू तो शोध ह्यानेच लावला. अर्धं शिकायचं आणि दीडपट शिकवायचं, ही ह्या माणसाची जातच.

त्याचं खरं पितळ उघडं पडलं ते समोर माणूस आल्यावर. एंडाला त्याच्यासमोर मीच उभं केलं. समोरचा फटका मारत असेल तेव्हा आत घुसायचं, अगदी त्याच्या अंगाला भिडायचं आणि आपली हर्ली आडवी घालून चेंडू तिथेच अडवायचा. लांब राहिलं तर पुऱ्या ताकदीची काठी अंगावर येते, जवळ गेलं तर तिला फिरायला जागाच उरत नाही. सांगायला सोपं. एंडाने हर्ली उचलली की कोलमन मागे उडी मारायचा आणि तोंड फिरवायचा.

"अरे, तो चावत नाही!" मी ओरडले.

एंडाचं एकच चाललं होतं. हर्ली पुन्हा उचलायचा, फटका मारायचा. कोलमन पुन्हा मागे. शेवटी कोलमन खाली बसला, शिरस्त्राण काढलं आणि म्हणाला, "मला भीती वाटते."

"एवढं कळायला अडतीस वर्षं लागली?" मी म्हटलं. दया वगैरे आली नाही मला. भीती सगळ्यांना वाटते. ती वाटत असताना दुसऱ्याला भित्रा म्हणत हिंडणारे थोडेच असतात.

मे महिन्यात तिसऱ्या संघाचा सामना टोबरनीशी होता. आमचे दोघे आजारी पडले, एकाच्या घरी गाय विणार होती, म्हणून एंडालाही ह्या संघातून उतरवलं. पॅकीने उसासा टाकला आणि कोलमनला बचावाच्या कोपऱ्यात उभं केलं. "चेंडू तुझ्याकडे येऊ नये अशी प्रार्थना कर," तो म्हणाला, "आम्हीही करतो."

बराच वेळ प्रार्थना फळली. कोलमन नुसता इकडून तिकडे धावला. एकदा चेंडू पायाशी आला तर तो त्याच्यावरून घसरून पडला. बांधावरून टोबरनीचा एक म्हातारा ओरडला, "त्याला कोणीतरी नांगराला जुंपा रे!" मला बरं वाटलं. शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो. तेवढ्यात त्यांच्या एका आडदांड गड्याने आमच्या गोलसमोर चेंडू उचलला, हर्ली मागे नेली. त्याच्याजवळ फक्त कोलमन. मी डोळ्यांवर हात घेतला, पण बोटांच्या फटीतून दिसलं. कोलमन पुढे गेला. सरळ त्या माणसाच्या कुशीत घुसला. लाकडावर लाकूड आपटलं, चेंडू उडून बाजूला पडला, एंडाने तो उचलून पार लांब भिरकावला आणि शिट्टी वाजली.

कोलमनच्या उजव्या हाताची करंगळी भलत्याच दिशेला वळली होती.

इस्पितळात मीच नेलं त्याला. वाटेत सगळा वेळ बोलत होता. म्हणे, त्या माणसाचा खांदा बघूनच आपण ओळखलं होतं. म्हणे, एंडाने तो चेंडू मारण्याआधी वर बघायला हवं होतं. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली.

"उतर."

"काय?"

"एंडाचं नाव पुन्हा घेतलंस तर चालत जायचं. खांदा बघितला म्हणे! खरं सांग, काय बघितलंस तू?"

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळू म्हणाला, "काही नाही. डोळे मिटले होते मी."

मी एवढी हसले की गाडीचा हॉर्न वाजला. "कोणाला सांगू नका, फिलो," तो म्हणाला. "हात जोडतो. म्हणजे, जोडले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस रिकामी व्हायच्या आत मी सांगून टाकलं. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. खाटकाच्या दुकानात लोक त्याला बघून डोळे मिटायचे आणि हातांनी चाचपडत मटण मागायचे. आता ह्याचं हर्लिंग संपलं, असं पॅकी म्हणाला, मीही म्हणाले.

मंगळवारी पाऊस होता. कोलमन आला. करंगळीला फळी, हर्ली डाव्या हातात. मैदानावर सगळ्यांनी एकदम डोळे मिटले, पॅकीनेही. कोलमनने ते बघितलं आणि काही बोलला नाही. माझ्या आठवणीत तरी ते पहिल्यांदाच. सरळ चालत एंडासमोर जाऊन उभा राहिला.

"मार," तो म्हणाला.

एंडाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्याने चेंडू उडवला आणि हर्ली मागे घेतली. कोलमन एका हातानेच आत गेला. अडवला नाही, उशीर झाला होता त्याला. चेंडू बरगडीत बसला आणि तो गुडघ्यांवर आला. पण डोळे उघडे होते, सताड, पाण्याने भरलेले.

"पुन्हा," तो म्हणाला. मग तोंड उघडलंच त्याने, "आणि एंडा, तू जरा डावा पाय पुढे..."

"गप्प बस, कोलमन," एंडा म्हणाला आणि दुसरा चेंडू उडवला.