विमानात घातलेलं गाऱ्हाणं

बाबा वारले तेव्हा मी आठवीत होतो. कट्टा गावाजवळ आमची वाडी. आई तिथून काजूच्या कारखान्यात चालत जायची. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघत, आणि त्याच बोटांनी ती मला पेज वाढायची. त्या बोटांवर मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे सांगायला मला कधीच संकोच वाटला नाही. पण पदवीबरोबर एक गोष्ट सुटली. देवळात गावचे मानकरी, म्हणजे गावकार, देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालायचे, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायचे, आणि मी मागे हात बांधून गप्प उभा. देवाला एवढं ओरडून सांगायला तो बहिरा आहे का, असं वाटायचं.

शिरोड्याला पुण्याच्या एका शेठचं घर मी बांधून पुरं केलं. त्यांचं स्वतःचं चार माणसांचं विमान, चालवतातही स्वतःच. खूश होऊन म्हणाले, आईंना घेऊन या, वरून किनारा दाखवतो. आई ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली, मी पुढे शेठच्या शेजारी. समुद्रातला किल्ला बघून म्हणाली, “ह्यो एवढोसोच? होडयेतून केदो मोठो दिसता.”

परतताना शेठनी चाकं खाली सोडायची कळ दाबली आणि काहीच हललं नाही. दोन-तीनदा दाबली. मग शांतपणे म्हणाले, “मोटर गेली. आपल्या दोघांच्या मधे हातपंपाचा दांडा आहे, तो मारत राहा. चाकं पक्की बसली की हिरवा दिवा लागेल. नाही लागला तर विमान पोटावर उतरवावं लागेल.” मी दांडा धरला. खांदा भरून आला, घाम डोळ्यांत उतरला, दिवा काही लागेना. मागे आईला मीच आणून बसवलं होतं, एवढंच डोक्यात.

हेडफोनमधून तिचा आवाज आला, “गाऱ्हाणा घाल रे. घरचो पुरुष तू.”

मी धापा टाकत सुरुवात केली, “हे देवा, आपणास नम्र विनंती की...”

“देवाक सांगतंस की तहसीलदाराक? बाजूक सर, मी घालतंय.” आणि बायकांनी कधी न घातलेलं गाऱ्हाणं आईने विमानात खड्या आवाजात घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या इमानाचे पाय वर अडाकले आसत, ते खाली सोड म्हाराजा.” मग पुढे वाकून तिने विचारलं, “रे, व्हय कोण म्हणताला?”

“व्हय महाराजा,” पुण्याचे शेठ समोरची नजर न हलवता म्हणाले. पुढच्याला मीही म्हणालो. प्रत्येक ‘व्हय’ला दांडा खाली, प्रत्येक ‘म्हाराजा’ला वर. आता किती मारायचे, दिवा लागेल की नाही, हा हिशेब माझ्याकडे उरलाच नाही. तो आईने भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवला होता. माझ्याकडे फक्त दांडा राहिला, आणि तेवढा मला झेपत होता. ती शेठच्या पोराबाळांसाठी मागत असताना दिवा हिरवा झाला.

हातपंपाने तेलाचा दाब हळूहळूच चढतो आणि मगच चाकं खाली येतात, हे मला कळतं. पण थकलेला हात कोणी चालवला, ते मी कागदावर मांडून दाखवू शकत नाही, आणि आता दाखवावंसंही वाटत नाही. हात आपला, भार देवाचा, एवढं त्या दिवशी मला उमगलं. त्याचे आणि आईचे उपकार मोठे.

विमान तिन्ही चाकांवर उतरलं, आणि आम्ही तिघंही धडधाकट बाहेर आलो.