पिवळी बटणं

ये गं, अशी जवळ बस. दारात उभी राहून अंगणाचा, चुलीचा, माझा फोटो काढलास की झाली का मावशीची भेट? ठेव तो मोबाइल. आमचे प्रेमसिंग सर असते ना, तर तुला चहासुद्धा विचारला नसता त्यांनी.

प्रेमसिंग म्हणजे वसमतला आमच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा तो. तांड्यावरचा पोरगा, अंगाने काटकुळा, जिभेने तिखट. सगळे त्याला सर म्हणत, मी नुसतं प्रेम म्हणे. उभ्या उभ्या बघणाऱ्या माणसाचा त्याला भारी राग. 'दाबून तं पाहा, चावत न्हाई,' म्हणायचा आणि खुर्ची पुढे ओढायचा. जो बसला त्याला चहा. जो हात मागे बांधून उभा राहिला, तो सरपंच असला तरी कोरडाच परत.

क्लासची मशीनं एकीकडे आणि कोपऱ्यातलं एक वेगळं. त्यात त्याने आपल्या आईला बसवलं होतं. आईला तो याडी म्हणे, बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत तसंच म्हणतात. काळ्या पडद्यावर आरसे, तिच्या कांचळीवर, चोळीवर गं, जडवलेले असत तसे. बटण दाबलं की एक आरसा उजळायचा, भोवती रंगीत टाका फिरायचा आणि याडी बोलायची. कधी गाण्याची ओळ, कधी 'जेवलीस का?' मग ती थांबायची. तुम्ही पुढचं बटण दाबेपर्यंत नुसती थांबायची, फारच वेळ गेला तर हळूच खाकरायची. घाईने दाबलं तर रागवायची, 'हळू, सुई टोचेल.' आवाज तिचाच, ती असताना भरून ठेवलेला. ज्याचा हात तशी नक्षी, एकासारखी दुसऱ्याची व्हायची नाही.

मोंढ्याच्या बाजारात हळद निवडणाऱ्या बाया घरी जाताना आत यायच्या. त्यातली लक्ष्मीबाई तर याडीला 'येते गं' सांगितल्याशिवाय उठायची नाही. त्यांच्या बोटांनी बटणं पिवळी झाली. मी एकदा ओलं फडकं घेतलं तर प्रेम अंगावरच आला. 'राहू द्या आक्का. कोन येऊन गेलं ह्येचा तेवढाच पुरावा हाय.'

मशीन म्हातारं झालं तेव्हा त्याने सगळं नव्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिलं. चढलं, पण नवं मशीन इतकं पळायचं की याडी थांबेचना. बोट उचलायच्या आत पुढचं बोलून मोकळी. लक्ष्मीबाई म्हणाली, 'ही काहून एवढी घाई करून राहिली? कुठं जायचंय हिला?' प्रेमने मशीन बंद केलं. मग मला म्हणाला, 'आवाज तोच हाय आक्का, चित्र बी तेच हाय. पन माझी याडी न्हाई ती. ती थांबायची.'

तेव्हापासून हे टिकवायचं कसं, हा एकच ध्यास. लग्नात शूटिंग करणाऱ्याला बोलावून त्याने कॅसेट भरून घेतली. पडद्याची थोडीच, जास्त बायांच्या हातांची. कोण भीतभीत दाबते, कोण दुसरीशी बोलता बोलता. मी विचारलं, 'हात काय बघायचे रे?' तर म्हणाला, 'उद्या कुनी नव्यानं बांधलं तं त्याला कळाया पाहिजे, किती थांबायचं.'

मग शहरातल्या एका संग्रहालयाचे साहेब आले. खुर्चीत बसले, दाबलं, डोळे पुसले. आमच्याकडे द्या, जतन करू, म्हणाले. प्रेमने अट घातली, लोकांना दाबू द्यायचं. साहेब म्हणाले, 'अर्थात.' प्रेमने सोबत दिलेली कॅसेट मात्र त्यांनी परत केली, त्यात नुसते हातच आहेत म्हणून.

पुढच्या साली आम्ही एसटीने बघायला गेलो, लक्ष्मीबाई ठेवणीतली साडी नेसून. याडी काचेच्या पेटीत. वायर गुंडाळून मागे टाकलेली. पडद्यावर आरशांचा रंगीत फोटो चिकटवलेला. बटणं घासून पांढरीशुभ्र. वर पाटी, हात लावू नये. लक्ष्मीबाईने काचेवर बोट टेकवलं तर पहारेकरी तिच्यावर खेकसला.

साहेब शांतपणे समजावत होते, 'वापरलं की झिजतं हो. आता बघा, शंभर वर्षं काही होणार नाही याला.'

'व्हय,' प्रेम म्हणाला, 'मेलेल्याला आनखी काय व्हनार.'

परत मागितलं तर म्हणाले, आता सरकारदरबारी नोंद झाली, देता येत नाही. येताना एसटीत प्रेम खिडकीबाहेर बघत होता. एवढंच म्हणाला, 'हळद बी पुसली त्यायनं, आक्का.'

क्लास त्याने चालवला, पण कोपरा रिकामा ठेवला. दारात कुणी उभं राहिलं तरी खुर्ची ओढायचा नाही. ताप अंगावर काढला आणि एका उन्हाळ्यात गेला. दिवसकार्याला साहेबांनी फ्रेम पाठवली, त्याच फोटोची, चांगली जाड काच लावून. मी ती माळ्यावर टाकली. त्या माणसाबद्दल माझं मन अजून साफ नाही, आणि मला ते करायचंही नाही.

कॅसेट माझ्या पेटीत आहे. लावायचं मशीन आता कुणाकडे उरलं नाही. कधीमधी लक्ष्मीबाई येते. विचारलं की ओट्यावर बोट टेकवते, गप्प बसते, आणि मग दुसरं बोट टेकवते. याडी एवढी थांबायची म्हणते. तीही आता थकली.

म्हणून सांगते, फोटो पुरे झाले. मी अजून विचारलं की बोलते, चुकलीस की रागावते, आणि तू बोलेपर्यंत थांबते. पण फार थांबायला लावू नकोस. आता लवकर ये, आणि राहायला ये.