किसेम्बोची दहावी गाठ

फोर्ट पोर्टलच्या बसथांब्यामागे किसेम्बो विमानाची तिकिटं विकतो. त्याच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर आमचा युगांडा बोटं फिरून फिरून पुसट झालाय. अंतर फोनवर दिसतं असं कुणी म्हणालं, की तो म्हणतो, "मग तिकीटही फोनकडूनच घे."

माझी आई पहिल्यांदाच लंडनला माझ्याकडे येणार होती. "नऊ तास म्हणजे किती रे?" असं तिनं फोनवर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी चिडलो. "नऊ तास म्हणजे नऊ तास." मग ती किसेम्बोकडे गेली.

त्यानं केळीच्या सोपटाचा दोरा गोलावर एंटेबेपासून लंडनपर्यंत ताणला आणि अंगठ्याने मोजत नऊ गाठी मारल्या. तिला मानाच्या, लाडक्या नावानं हाक मारत म्हणाला, "अकीकी, तास झाला की एक गाठ सोडायची. घाबरायला सवडच नको."

लंडनच्या विमानतळावर आई बाहेर आली, तेव्हा तिच्या मुठीतल्या दोऱ्यात एक गाठ शिल्लक होती.

"किसेम्बोचं माप चुकलं वाटतं," मी म्हणालो.

"काही चुकलं नाही. विमानाच्या नऊ सुटल्या. ही त्यानं वर दिली. म्हणाला, पोरगा दिसला की सोड."

ती गाठ तिला सुटेना. मी सामान खाली ठेवलं, तिच्याजवळ बसलो आणि नखांनी सोडवली.

आभार मानायला मी किसेम्बोला फोन केला.

"ती मुद्दामच घट्ट मारली होती," तो म्हणाला. "म्हटलं, जरा तुझाही हात लागू दे."