सोनेरी कवळीचा मुक्काम

दातांचे डॉक्टर सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या पाट्या असतात, पाटीवर पदव्या असतात, बाहेर बाकावर गाल धरून बसलेली माणसं असतात. पण डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून कवळी बनवतो कोण, हे कुणी विचारतं का? नाव नका घेऊ. तो माणूस दोन जिने चढून गेल्यावर मागच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून, एकेक दात मेणात बसवत असतो. आपल्या गोष्टीतला माणूस हा असा. पंचवीस वर्षं त्याने शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आपलं काम बसवलं, पण रस्त्यात थांबून एकानेही कधी म्हटलं नाही की बाबा रे, तुझ्यामुळे मला चावता येतं. मित्र त्याला दंतोपंत म्हणतात. आपणही तेच म्हणू, आणि जरा आदराने म्हणू.

तर या दंतोपंतांना फुटबॉलचं वेड. खेळायचं नव्हे. उभ्या जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला असेल तर तो चुकून. त्यांना वेड होतं ते मित्रांची काल्पनिक लीग चालवायचं. एकूण आठ जण. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकाने निरनिराळ्या खऱ्या संघांतून अकरा खेळाडू उचलायचे आणि कागदावर आपला संघ उभा करायचा. मग रविवारी ते खरे खेळाडू खऱ्या मैदानावर घाम गाळणार, आणि ही मंडळी घरी पाय पसरून त्यांच्या जिवावर गुण खाणार. गोल केला की पाच गुण. शिवाय दर आठवड्याला अकरांतल्या एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. हल्ली हे सगळं मोबाइलवर आपोआप होतं म्हणे. "आपोआप होतं, मग त्यात आपलं काय?" असं दंतोपंत विचारतात आणि कागदावर रेघा ओढायला बसतात.

त्यांच्या त्या मागच्या खोलीत, म्हणजे लॅबच्या भिंतीवर, दर शुक्रवारी नवा कागद लागायचा. त्यावर आठ उभे रकाने, प्रत्येक रकान्यात एकाखाली एक अकरा नावं. कप्तानाचं नाव चिठ्ठीवर लिहून शुक्रवारी सहाच्या आत दारातल्या डब्यात टाकायचं. चिठ्ठी नाही तर कप्तान नाही, मग तुमच्या घरी पाहुणे येवोत नाहीतर छप्पर उडो. सहा वाजले की दंतोपंत चिठ्ठ्या वाचायचे आणि त्या त्या नावापुढे गुलाबी मेणाच्या ठिपक्यावर एक दाढ चिकटवायचे. खरी नव्हे हो, कवळीतली. रंग जुळला नाही म्हणून बाजूला पडलेल्या दाढा त्यांच्याकडे बरणीभर होत्या.

सोमवारी संध्याकाळी सगळे लॅबमध्ये चहाला जमायचे. दंतोपंत तक्त्यावरून निकाल वाचायचे आणि प्रत्येकाच्या संघावर दोन-दोन वाक्यांचे ताशेरे ओढायचे. खरं सांगू का, माणसं गुणांसाठी यायचीच नाहीत, ताशेऱ्यांसाठी यायची. गणिताच्या बाईंना त्यांनी एकदा सुनावलं, "आपल्या बचावफळीला नुसत्या हिरड्या आहेत." बाई रागावल्या म्हणता? आठवडाभर शाळेत ज्याला त्याला तेच सांगत हिंडत होत्या.

आणि मोसमाच्या शेवटी विजेत्याला मिळायची सोनेरी कवळी. पहिल्याच वर्षी दंतोपंतांनी ती स्वतःच्या हाताने घडवली होती. वरचे चौदा, खालचे चौदा, पूर्ण अठ्ठावीस दात, त्यावर सोनेरी रंगाचे तीन हात आणि खाली शिसवी बैठक. अशी देखणी कवळी त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाला दिली नसेल. गेल्या अकरा वर्षांत ती गणिताच्या बाईंच्या पुस्तकांच्या कपाटावर राहून आली, न्हाव्याच्या आरशापुढे राहून आली, आणि तीनदा तर दंतोपंतांच्या मेहुण्याच्या बसमध्ये काचेमागे वर्ष वर्ष प्रवास करून आली. दंतोपंतांच्या घरी ती एकदाही आली नाही. त्यांचा नंबर आपला सहावा, सातवा. एकदा तिसरा आला होता, तेव्हा त्यांना आनंदाने दोन दिवस जेवण गेलं नाही.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शहराच्या बसवर ड्रायव्हर. मनाने लाख माणूस, पण जिभेला हाड म्हणून नाही. कवळी जिंकली की थांब्यावर चढणाऱ्या अनोळखी माणसालाही विचारणार, "ओळखा बघू, ही कशाबद्दल मिळाली?" आणि घरी आला की दंतोपंतांच्या पाठीवर थाप मारून, "दाजी, बनवता तुम्ही आणि मिरवतो मी. दोघांची कामं कशी ठरलेली आहेत." दंतोपंत हसायचे. पण हे वाक्य त्यांना लागायचं, आणि दरवेळी तेवढंच लागायचं. आपल्या हातची प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्याच तोंडात जाते, याची त्यांना सवय होती. ही एक तरी आपल्या घरात असावी, एवढंच त्यांना वाटायचं. जास्त मागणं होतं का हे?

आणि यंदा, बाराव्या वर्षी, नशीब फळफळलं. चौदाव्या आठवड्यात दंतोपंतांच्या एका पोरसवद्या आघाडीवीराने एकाच सामन्यात तीन गोल ठोकले, आणि त्या आठवड्याचा त्यांचा कप्तान नेमका तोच. पंधराचे तीस झाले. सोमवारी निकाल वाचताना दंतोपंतांचा आवाज चढला होता. "कसं काय साधलंत?" बाईंनी विचारलं. "हेरलं होतं मी," दंतोपंत म्हणाले, "नजर असावी लागते त्याला." त्या दिवशी जी आघाडी मिळाली ती शेवटपर्यंत टिकली. मोसम संपला तेव्हा ते मेहुण्याच्या अकरा गुणांनी पुढे होते. बायकोने शोकेसमधला मधला कप्पा रिकामा करून पुसून ठेवला. दंतोपंत येता-जाता त्या रिकाम्या कप्प्याकडे बघायचे.

फक्त फेरतपासणी राहिली होती. बाईंनी दुसऱ्याच वर्षी बेरजेत चूक काढली होती, तेव्हापासूनचा हा नियम. शेवटच्या सामन्यानंतर आठ दिवस घ्यायचे, मोसमभराचे सगळे तक्ते पुन्हा तपासायचे आणि मगच कवळी द्यायची. शनिवारी दुपारी दंतोपंत टेबलाखालचा गठ्ठा काढून बसले. दाढा केव्हाच काढलेल्या, पण कागदांवर मेणाचे ठिपके तसेच होते. एकेक तक्ता बघत ते चौदाव्यावर आले आणि थबकले.

त्यांचा रकाना शेवटचा, अगदी उजवीकडचा. त्यात मेणाचा ठिपका होता नवव्या नावापुढे. आणि तिथून खाली दहाव्या, म्हणजे त्या पोरसवद्या आघाडीवीराच्या नावापर्यंत नखाएवढा एक गुलाबी ओघळ.

दंतोपंतांनी भिंग लावलं. भिंगातून तो ओघळ आणखीच ठसठशीत दिसला. मग त्यांना सगळं आठवलं. त्या आठवड्यात वृद्धाश्रमातून पंधरा कवळ्यांचं काम आलं होतं. साचे उकळत्या पाण्यात ठेवायला एक शेगडी पुरेना, म्हणून दुसरी आणून मांडली होती. कुठे? तर बरोबर तक्त्याच्या उजव्या कोपऱ्याखाली. दोन दिवस वाफ वर जात राहिली, मेण मऊ पडलं आणि दाढ एक घर खाली घसरली.

नववं नाव होतं मधल्या फळीतल्या एका म्हाताऱ्या खेळाडूचं. म्हातारा म्हणजे अडतीस वर्षांचा, पण मैदानावर ते वय आजोबांचंच. दंतोपंत केवळ मायेपोटी त्याला दरवर्षी संघात घ्यायचे आणि अधूनमधून कप्तानही करायचे. त्या रविवारी त्याचा गुण एकही नव्हता. शून्याची दुप्पट शून्य. म्हणजे वरचे पंधरा गुण गेले. अकरा गुणांनी पुढे असलेले दंतोपंत बसल्या जागी चार गुणांनी मागे आले.

बाकी सात जणांच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या. आठवी चिठ्ठी नव्हतीच. लीग चालवणाऱ्याने स्वतःला कशाला चिठ्ठी लिहायची, म्हणून दंतोपंत आपली दाढ थेट भिंतीवर लावायचे. म्हणजे हा ओघळ सोडला तर जगात दुसरा पुरावा नाही, आणि तो खरवडायचं पातं हाताशीच पडलेलं. त्यांनी ते उचललंदेखील. मग त्याने उगाच नखं कोरत बसले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पोस्टात काउंटरवर बसायची, लोकांचे चेहरे वाचायची तिला सवय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला तेव्हा आठवलं नाही, कुणाला लावली होती ते?"

खोटं बोलावं तर समोर ही. "सोमवारी बघितलं तेव्हा जरा चमकलो होतो," दंतोपंत म्हणाले. "मग वाटलं, लावली असेल आपणच. वाटून घेतलं म्हण ना."

"मग आता?"

"आता काय. तुझा कप्पा वाया गेला."

"कप्प्याचं काय घेऊन बसलात. त्यात मी बरण्या ठेवीन," बायको म्हणाली, आणि त्या दिवशी तिने त्यांना चिडवलं नाही. त्यामुळे तर दंतोपंतांना आणखीच वाईट वाटलं.

सोमवारी लॅब भरली. सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले, कारण दंतोपंत पहिल्यांदा जिंकणार होते. न्हावी त्यांची दाढीही करून गेला होता, तीसुद्धा आपणहून. दंतोपंतांनी सात संघांचे ताशेरे वाचले. मंडळी पोट धरून हसली. मग त्यांनी चौदावा तक्ता भिंतीवर लावला आणि आठवा कागद हातात घेतला.

"संघ आठवा," ते वाचू लागले. "या संघाचा मालक सगळ्यांकडून चिठ्ठी घेतो, स्वतः मात्र कधी टाकत नाही. चौदाव्या आठवड्यात शेगडीच्या वाफेने त्याची दाढ नवव्या नावावरून दहाव्यावर घसरली. ते काम मेणाचं. पण सोमवारी हा गृहस्थ तुम्हा सगळ्यांसमोर म्हणाला की मी हेरलं होतं. ते काही मेण बोललं नव्हतं. पंधरा गुण वजा. संघ दुसरा."

कुणी हसेना. बाई उठल्या, तक्त्यापाशी जाऊन ओघळ पाहिला, बोटांवर वजाबाकी केली आणि मान डोलावून जागेवर बसल्या. चुकलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दंतोपंतांनी कवळी उचलून मेहुण्याच्या हातात दिली. आता या माणसाने निदान आज तरी गप्प बसावं की नाही? छे! त्याने कवळी डोक्यावर धरून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. "चौथ्यांदा! दाजी, मेणसुद्धा माझ्या पार्टीतलं निघालं." सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर जिना उतरून गेला असता. त्या दिवशी मुद्दाम आलेल्या त्याच्या बहिणीने तर त्याचा चहाच ओतला नाही. दंतोपंत तेवढे हसले. खरं तर त्यांना बरं वाटत होतं. खोली पुन्हा नेहमीसारखी झाली होती.

बुधवारी संध्याकाळी ड्युटी संपवून मेहुणा लॅबमध्ये आला. बगलेत कापडात गुंडाळलेली सोनेरी कवळी. चेहरा पडलेला.

"दाजी, घोटाळा झाला. खड्ड्यात गाडी आदळली आणि एक दात निखळला." त्याने खिशातून जुन्या तिकिटात बांधलेला सोनेरी सुळा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्याशिवाय दुरुस्त कोण करणार?"

दंतोपंतांनी भिंग लावलं आणि कवळी दिव्याखाली धरली. पंचवीस वर्षांत त्यांनी हजारो तुटक्या कवळ्या पाहिल्या होत्या. पायरीवर पडलेली कशी तुटते, बेसिनमध्ये आपटलेली कशी तुटते, हे ते डोळे मिटून सांगतील. या सुळ्याला साधी चीर नव्हती. मागच्या बाजूने, हिरडीच्या कडेला, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाएवढे दोन खड्डे होते. नीट बेतून, दुसरं काही बिघडणार नाही इतक्या जपून काढलेला दात होता तो. बसवायला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

त्यांनी मान वर केली. मेहुणा पाठमोरा उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

 दंतोपंत सुळा नुसताच चिमटीत फिरवत राहिले.

"किती दिवस लागतील?" मेहुण्याने कॅलेंडरलाच विचारलं.

"अवघड काम आहे," दंतोपंत म्हणाले. "हा रंग आता मिळत नाही. पुढचा मोसम संपेपर्यंत तरी धरून चाल."

"लागू देत की. मला कुठे घाई आहे?"

"आणि तोवर लॅबमध्ये नको ठेवायला. इथे वाफ फार."

"मग घरी न्या," मेहुणा म्हणाला, आणि पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे बघितलं. "पण माझी आहे हं ती. दुरुस्तीला दिलीय फक्त."

दंतोपंत कवळी घेऊन घरी आले तेव्हा बायको चहा करत होती. तिने कवळीकडे पाहिलं, एका दाताची जागा रिकामी दिसली, आणि नवऱ्याचे डोळेही दिसले. तिने शोकेस उघडली आणि मधल्या कप्प्यातल्या बरण्या एकेक करून ओट्यावर आणून ठेवल्या.