संक्रांतीची सायकल

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, खिडकीबाहेर बर्फावर खिळ्यांच्या टायरची सायकल करकरली, की मला ती संक्रांत आठवते बघा.

सुनंदाच्या हळदीकुंकवाला मी तिळगुळाचा डबा घरीच विसरले, म्हणून हे सायकलने घेऊन आले. मिशीवर बर्फ, बोटं आखडलेली. सुनंदाने दारातच डबा घेतला. "काका, आत नको, कार्पेट ओलं होईल. आणि आता कार घ्या की, लोक हसतात."

हे म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

तिने दार लावलं. आत सगळ्या हसल्या.

आता हे नाहीत. सुनंदाचा मुलगा भर बर्फात सायकलने ऑफिसला जातो. काल ती कौतुकाने म्हणाली, "काकू, बघा किती फिट आहे."

"हो गं," मी म्हटलं, "आला की आत घे हो त्याला."