पोरांशिवाय हरमल

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माझी ख्याती आहे, की मी एका रात्रीच्या सुट्टीवर आठ महिने बोलते. खरं आहे ते. लोक केरळला आठवडाभर जाऊन येतात, फोटो दाखवतात आणि संपलं. आम्ही नवराबायको मुळगावहून दीड तासावरच्या हरमलला गेलो, तेही स्कूटरने, आणि एवढे किस्से घेऊन आलो की डबा खाताना कुणी नुसतं "रिसॉर्ट" म्हटलं तरी बाकीच्या माझ्याकडे बघतात. सांगून टाकते सगळे एकदा. पुन्हा विचारू नका!

*

मुळात जायचं हे संदेशच्या डोक्यात कसं आलं, तेच मला कळेना. संदेश म्हणजे माझा नवरा. खाणीवरच्या ऑफिसात सुपरवायझर. अकरा वर्षांत त्याने मला न विचारता आणलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मिक्सर. आणि एका बुधवारी हा जेवता जेवता म्हणतो, "शनिवारपासून दोन रात्री हरमलला रूम घेतलीय. समुद्रासमोर. आपण दोघंच."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. पण सासूबाईंनी लगेच उचलून धरलं. "जावा गो! भुरग्यांक मी बघतां. मी काय मेलंय?"

शनिवारी दुपारी निघताना थोरली गौरी आणि धाकटा पियूष दारात उभे. रडतील म्हणून मी मन घट्ट केलं होतं. कोणी रडेना. संदेश हेल्मेट घालून परत आत गेला, पियूषचं खोकल्याचं औषध दाखवून आला. मग परत गेला, गॅस बघून आला. तिसऱ्यांदा स्कूटरवरून उतरला तेव्हा गौरी म्हणाली, "बाबा, तुम्ही जाताय की आम्ही जाऊ?"

*

रिसॉर्टच्या काउंटरवर बेळगावकडची एक हसतमुख मुलगी होती. तिने आमच्या हातात कोकमाचं गार सरबत दिलं, वर पुदिन्याचं पान. आमसुलं मी घरी वाळवते, ती इथे काचेच्या ग्लासात बघून मला जरा गंमत वाटली.

"वेलकम सर, वेलकम मॅम! फ्लाइट कशी होती?"

मी संदेशकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "बरी होती. अस्नोड्याला जरा ट्रॅफिक लागला."

*

समुद्रासमोर दोन आरामखुर्च्या, वर छत्री, बाजूला टॉवेल. आडवं व्हायचं, एवढंच काम. मी झाले आडवी. पाच मिनिटांत मला आठवलं की गौरीच्या वहीला कव्हर घालायचं राहिलं. दहा मिनिटांत आठवलं की पियूषचे बूट ओले आहेत. डोळे मिटले की आमची अख्खी मोरी दिसायची, भिजत घातलेल्या कपड्यांसकट.

बाजूची खुर्ची रिकामी! बघते तर संदेश पाण्याच्या कडेला. रापणकार जाळं ओढत होते, वीसेक माणसं दोरीला लागलेली, आणि त्यांच्यात रिसॉर्टचा पांढरा शुभ्र झगा घातलेला आमचा माणूस, पाय वाळूत रोवून, "ओढ रे, ओढ!" करून ओरडत होता.

तासाभराने आला. झग्याचा रंग सांगत नाही. हातात टॉवेल आणि टॉवेलात बांगडे.

"हे काय?"

"वाटा मिळाला. दोरीला हात लावलेल्याला देतात."

"अरे, आपण आराम करायला आलोय ना?"

"मग? केला ना. चार वाजल्यापासून एक फोन केला नाही घरी!"

*

संध्याकाळी किचनवाल्याने तेच बांगडे तळून दिले. टेबल वाळूतच मांडलेलं, मधे मेणबत्ती. संदेशने नियम घातला, "जेवताना पोरांचा विषय नाही."

"नाही."

मग विषयच संपले. मी लाटा बघितल्या. त्याने चमचा बघितला. वेटर दोनदा येऊन पाणी ओतून गेला. त्याला वाटलं असणार, भांडण झालंय.

शेवटी संदेश म्हणाला, "लग्नाआधी आपण बोलायचो काय?"

"लग्न कधी होणार, हेच बोलायचो."

"आणि लग्नानंतर?"

"मूल कधी होणार."

तो हसला आणि मीही हसले. हसता हसता खाली बघितलं, तर मी मघापासून एकेका बांगड्याचे काटे काढून मऊ तुकडे त्याच्या ताटात ठेवत होते! आणि तो निमूट खात होता! वेटर अदबीने वाकला आणि म्हणाला, "मॅडम, सरांना वरण-भात देऊ का?"

*

दुसऱ्या दिवशी रविवार. तरी साडेपाचला मला जाग आली आणि मी अंगावरचं पांघरूण फेकून ओरडले, "उठ रे, व्हॅन येईल!"

संदेश उठला. दात घासले. दोन्ही पाय मोज्यांत घातले आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. बाहेर समोर अरबी समुद्र. तो तसाच मोज्यांवर वाळूत उभा. मी मागे गेले तर म्हणतो, "व्हॅन चुकली वाटतं."

मी पोट धरून हसले. तो हसला नाही. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली, की याचं काहीतरी वेगळंच चाललंय.

*

हा पुढचा तसा किस्सा नव्हे. पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळायचा नाही.

आम्ही किनाऱ्याने चालत निघालो. होड्या वर ओढून ठेवलेल्या, कुत्री त्यांच्या सावलीत झोपलेली. संदेश भरभर चालत होता, मला गाठता येईना. मी हाक मारली, "कोणी पाठीला लागलंय?"

तो थांबला. म्हणाला, "डिचोलीचं ऑफिस बंद करतायत. मला मुरगावला घेतायत, धक्क्यावर. जहाजात माल चढवायचं काम. शिफ्ट लागणार, रोज जाऊन-येऊन जमायचं नाही. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं."

"कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस! पंधरा दिवस हा माणूस माझ्याशेजारी बसून वरण ओरपत होता!

"मग इथे आणून सांगायचं काय कारण? घरात तोंड शिवलं होतं?"

तो वाळूत अंगठ्याने रेघा मारत राहिला. "सांगायला नव्हतो आणणार. बघायला आलो होतो."

"काय बघायला?"

"पोरांशिवाय राहवतं का ते. दोन रात्री जमल्या तर पाच जमतील, म्हटलं."

मला इतका राग आला! माझ्या अकरा वर्षांतल्या पहिल्या सुट्टीची याने रंगीत तालीम केली होती! मी म्हटलं, "आणि मी? पोरांशिवाय राहवतं का बघायला मला बरोबर घेऊन आलास. माझ्याशिवाय राहवतं का, ते कोण बघणार?"

त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. मी लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याचे कान लाल झालेले बघितले. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी त्याचा हात धरला. चार माणसांत आम्ही हात धरत नाही, पण हरमलला आम्हाला ओळखणारं कोण होतं?

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई! गुड मॉर्निंग बाई!" माझ्या तिसरीतली एक मुलगी, आईवडिलांबरोबर मामाकडे आलेली!

तर ती नोकरी त्याने घेतली. सोमवारी पहाटेच्या बसने जातो, शनिवारी येतो. रोज संध्याकाळी फोन असतो, आणि तो आधी माझ्याशी बोलतो, मग पोरांशी. हा माझा नियम.

*

आता परतीचा. दुसरी रात्र आम्ही राहिलोच नाही. दोघांच्याही मनात एकच होतं, बोलायची गरज पडली नाही. काउंटरवर एक म्हातारा माणूस बसला होता, त्याच्याकडे चावी दिली आणि सुटलो. दीड तासाचा रस्ता, वाटेत कुठे थांबलो नाही. अस्नोड्याला पोरांसाठी तव्यावरचे गरम पोळे घ्यायचे ठरवले होते, तेही विसरलो.

मुळगावात पोचलो तर घराला कुलूप.

सासूबाईंना फोन लावला. रिंग आमच्याच घरातून ऐकू आली, बंद दारामागून. औषध, खोकला, दवाखाना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. संदेश तर मागच्या बाजूने भिंत चढायला निघाला.

तेवढ्यात शेजारच्या सुलूवयनी ओसरीवर आल्या. सावंतवाडीकडच्या, तीस वर्षं इथे आहेत पण बोलणं मालवणीच. "अरे, तुम्ही हय कशे? ती सगळी थय गेली. हरमलाक!"

"हरमलला? कोण?"

"तुझी आवस, पोरां घेऊन. रिक्षा करून गेली."

संदेशचा चेहरा एकदम उजळला. "पोरं रडत होती ना वयनी? आमची आठवण काढून?"

"पोरां खंय रडतत! पोरां मजेत होती. तुझी आवसच रडत होती कालपासून. जेवक नाय. झील जेवलो काय नाय, झील जेवलो काय नाय, एकच."

मुलगा जेवला की नाही, म्हणून आई उपाशी! संदेश पायरीवर बसला. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. रिसॉर्टवरून, बेळगावची मुलगी. आवाज रडवेला.

"मॅम, प्लीज, तुम्ही बोला ना यांच्याशी. एक आजी आल्यात, बरोबर दोन मुलं आहेत. तुम्ही गेलात सांगितलं, तर पटत नाहीये. आत जाऊन स्वतः बघते म्हणतात. मी म्हटलं, आजी, आमचं रिसॉर्ट फक्त कपल्ससाठी आहे, इथे मुलांना परवानगी नाही. तर काउंटरवर हात आपटून मलाच विचारतायत…"

"काय विचारतायत?"

"मग माझ्या मुलाला कशी दिलीस?"