अकोल्यात पंचवीस अंश

“ताई, अब्बा गेले.” अकोल्याहून नसरीनचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. तिचे अब्बा म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे हमीद सर. फोन ठेवला, सवयीनं फळ्याच्या कोपऱ्यात तापमान लिहायला गेले... खडू हातातच राहिला.

ही सवय त्यांचीच. सर वर्गात आले की आधी थर्मामीटर बघत, आकडा फळ्यावर लिहीत, मग हजेरी. आम्ही हसायचो. अकोल्यात ऊन आहे हे सांगायला मास्तर कशाला लागतो?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा, एप्रिलची दुपार. नापास झालीस तर शिक्षण बंद, असं बाबांनी मूर्तिजापूरच्या घरून निघतानाच बजावलेलं. टेबलावर कागदात गुंडाळलेला डबा, आत कुठलातरी वायू. तो पाण्यावर नळीत जमवायचा, डब्याचं वजन किती घटलं ते बघायचं. मग दाब, आकारमान, तापमान आदर्श वायूच्या समीकरणात घातलं की रेणुभार निघतो आणि वायू ओळखू येतो. माझा आला त्रेपन्न. यादीत त्रेपन्नचा वायूच नाही! जवळचा म्हणजे ब्यूटेन, अठ्ठावन्न. मी गुपचूप वजन खोडून आकडा जुळवायला घेतला. तेवढ्यात सर मागे उभे. खोडलेलं त्यांना दिसलं. बोट मात्र त्यांनी दुसऱ्याच ओळीवर ठेवलं.

“एप्रिलात, अकोल्यात, पंचवीस अंश? कुठं भेटले तुले? पाहून लिवलं का पुस्तकातून?”

पुस्तकातूनच! थर्मामीटर पाण्यात बुडवला. अडतीस. इतक्या तापलेल्या पाण्याच्या वाफेचा दाबही पंचवीस अंशांच्या दुप्पट. नळीतल्या एकूण दाबातून तो वजा केला, खरं वजन परत लिहिलं... अठ्ठावन्न. लबाडीनं आणणार होते तोच आकडा सरळ चालत आला. सरांनी हसत कागद फाडला, आत लायटरमध्ये भरायच्या ब्यूटेनचा डबा. मी पास झाले, आणि शिकतच राहिले. पुढे माझ्या लग्नाचं ठरलं तेव्हाही त्यांनी मुलाबद्दल हेच विचारलं, पाहून सांगतेस का ऐकून?

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी गेले. दाराशी खिळ्याला थर्मामीटर, शेजारी कॅलेंडर, रोजच्या चौकटीत त्यांचा आकडा. एका तारखेनंतर सगळ्या चौकटी कोऱ्या. मला बघवेना. पेन काढलं, पान उलटलं आणि आजच्या तारखेच्या चौकटीत चौतीस लिहून टाकलं. नसरीन चहा घेऊन आली. कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“ताई, पाहून लिवलं न?”

नव्हतं पाहिलं. डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं. आकडा खोडला, डोळे पुसले आणि थर्मामीटरजवळ गेले.

एकतीस.